मतपेटी आणि मराठी लेखक

विधानसभेची निवडणूक संपली आणि निकाल लागले, की आपल्याकडील सुशिक्षित घरांतून चारआठ दिवस दुसरा विषय नसतो. कोणत्या तालुक्यात कोण किती मतांनी पडला, कोणी कोणाची मते खाल्ली, बंडखोर कोणाच्या सांगण्यावरून उभा राहिला होता, ह्याची खडान्‌खडा माहिती असलेला एकतरी गृहस्थ प्रत्येक आळीत निघतोच. अशाच एका बैठकीत मी सहज एक प्रश्न टाकला. मराठीतील अशी एक कादंबरी सांगा, की जीत एखादा साधा मनुष्य, पुढारी नव्हे, कार्यकर्ता नव्हे, वार्ताहरही नव्हे, मत द्यावयास जातो आणि त्याच्या त्या जाण्याने कथानकात काही घडते. मंडळी चांगली वाचणारी होती. एकाने तत्काळ ‘सिंहासन’ म्हटले. मग स्वतःच दुरुस्ती केली, की तीत मंत्री आहेत, आमदार आहेत, मतदार मात्र शोधावा लागतो. दुसऱ्याने ‘सामना’चे नाव घेतले, पण तो चित्रपट, आणि त्याचा विषयही निराळा. एका वृद्ध गृहस्थांना अत्र्यांचे १९३९ सालचे ‘मी उभा आहे’ हे नाटक आठवले. त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, तो निवडणुकीला उभा राहणारा. ह्यांनी विचारले ते रांगेत उभे राहणाऱ्याचे.” सर्वजण हसले आणि चहा आला. प्रश्न तसाच राहिला, आणि प्रस्तुत लेख म्हणजे त्या बैठकीतील उरलेले बोलणे होय.

निवडणुकीसाठी लिहिलेले वाङ्मय आणि निवडणुकीविषयी लिहिलेले वाङ्मय, ह्यांत भेद केला पाहिजे. पहिल्या प्रकारात मराठी भाषा दरिद्री आहे असे कोणाही शहाण्या माणसास म्हणता यावयाचे नाही. शाहिरी, वग, अग्रलेख, जाहीर सभेतील भाषण, भिंतीवरची घोषणा, ह्या सर्वांत आपण इतकी शक्ती खर्च केली आहे, की तिची बरोबरी करणारे प्रांत फार नसतील. दुसऱ्या प्रकारात मात्र आपण मंत्र्याच्या दालनापर्यंत गेलो, गावच्या पाटलाच्या वाड्यापर्यंत गेलो, आणि मतदानाच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलो. असे का व्हावे, हे समजून घ्यावयाचे तर आधी ते पहिले, समृद्ध वाङ्मयच नीट पाहिले पाहिजे. कारण माझ्या मते दुसऱ्याचे दारिद्र्य पहिल्याच्या श्रीमंतीतूनच आले आहे.

अण्णा भाऊ साठे ह्यांच्या वगांच्या यादीत ‘शेटजींचे इलेक्शन’ असे एक नाव आहे. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर ह्यांच्यासह अण्णा भाऊंनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्या पथकाने तमाशाच्या जुन्या सांगाड्यात नवे प्राण भरले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आले, आणि वगात राजाच्या जागी सावकार, शेटजी व पुढारी आले. ‘शेटजी’ आणि ‘इलेक्शन’ ह्या दोन शब्दांची गाठ मारणे हाच त्या काळी अर्धा विनोद होता. परंतु आजच्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वीच्या निवडणुका मर्यादित मताधिकाराच्या होत्या. १९३५ च्या कायद्याने मताचा अधिकार मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींनी बांधला होता. गिरणगावातील फडासमोर, मातीत मांडी घालून शेटजीच्या फजितीवर पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकांत असे कित्येक असतील, की ज्यांस ह्या इलेक्शनमध्ये मतच नव्हते. आपली निवडणूक-कला मतदारासमोर जन्मली नाही; ती मत नसलेल्या माणसांसमोर जन्मली. त्यांच्या हाती टाळी होती आणि शिट्टी होती. त्या टाळीसाठी रचलेली वाणी पुढे प्रौढ मताधिकार आल्यावरही टाळीसाठीच रचली गेली, हे नवल नव्हे.

ह्या वाणीचा परमोत्कर्ष १९५७ साली झाला. कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढील महिन्यांत आणखी झाला. शंभरावर माणसे मेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ ह्यांचे मिळून विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. पंधराच दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्र्यांचे ‘मराठा’ हे दैनिक निघाले. आणि १९५७ च्या आरंभी त्या राज्याच्या विधानसभेच्या ३९६ जागांसाठी निवडणूक झाली.

अत्र्यांच्या त्या वेळच्या वक्तृत्वाची स्तुती करणारे आणि निंदा करणारे, दोन्ही पक्ष बहुधा एकाच चुकीत सापडतात. ते त्यास एक नैसर्गिक उत्पात समजतात, जणू धरण फुटले आणि पाणी लोटले. वस्तुतः तो मनुष्य ‘झेंडूची फुले’ लिहून आला होता. विडंबनकाराचे मुख्य भांडवल म्हणजे दुसऱ्याची लकब हेरणारा कान. कवीची एक ओळ ऐकली की तिच्यातील फुगीर शब्द कोणता, तो कोठे टाचणी लावली असता फुटेल, हे त्यास आधी दिसते. अत्र्यांनी हीच विद्या कवींवरून उचलून मंत्र्यांवर लावली. मोरारजीभाईंची करडी शिस्त, काँग्रेसच्या पुढाऱ्यांची ‘श्रेष्ठींचा आदेश’ ही भाषा, खादी, सूतकताई, ह्या सर्वांना श्रोते रोज ऐकत होते आणि आतल्या आत कंटाळत होते. अत्र्यांनी त्या कंटाळ्यास हास्याचे रूप दिले. विडंबनास मूळ कविता श्रोत्यास पाठ असावी लागते. तशी काँग्रेसची भाषा त्या पिढीस पाठ होती. म्हणूनच तो विनोद पिकला. नुसत्या शिव्यांनी शिवाजी पार्क भरत नसते.

पण त्या विनोदात शिव्याही होत्या, आणि पुष्कळ होत्या, हे लपविण्यात अर्थ नाही. प्रतिपक्षाच्या माणसाचे रूप, त्याचे घर, त्याचे खाजगी आयुष्य, काहीही त्यांच्या लेखणीस वर्ज्य नव्हते. अतिशयोक्ती तर त्यांची सहीच होती. ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ही त्यांची गणना त्यांच्या हयातीतच थट्टेचा विषय झाली. ही अतिशयोक्ती त्यांच्या तोंडी शोभत असे, कारण वक्ता स्वतःच तीस हसत आहे हे श्रोत्यास कळत असे. त्यांच्या मागून आलेल्या व्यासपीठशूरांनी अत्र्यांचे हसू टाकले आणि शिवी उचलली. आज तालुक्याच्या सभेत कोणी प्रतिस्पर्ध्याच्या कुळाचा उद्धार करू लागला, की त्यास ‘अत्रे शैली’ म्हणण्याची चाल पडली आहे. ही अत्र्यांवरील अन्यायाची परिसीमा होय. पण हा अन्याय होऊ शकेल अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती, हेही तितकेच खरे.

अण्णा भाऊंची गोष्ट वेगळी. ‘माझी मैना’ ह्या नावाने ओळखली जाणारी त्यांची छक्कड त्याच चळवळीत गाजली, त्याच मैदानांवर गायिली गेली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. पोटासाठी मुंबईस आलेला मनुष्य गावी राहिलेल्या आपल्या स्त्रीचे वर्णन करतो. ते लावणीच्या परंपरेतले, नखशिखान्त, रसरशीत वर्णन आहे. नंतर निरोपाचा प्रसंग येतो. नंतर मुंबईचे वर्णन, तिची श्रीमंती आणि तिच्या पायरीखालचे दारिद्र्य. राजकारणाचा मागमूस नाही. आणि मग, ऐकणारा त्या विरहात पुरता बुडाल्यावर, तीच ताटातूट बेळगाव, कारवार, निपाणीची होते. मैना म्हणजे तुटलेला मुलूख होतो. वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेल्या कवीने हे लिहिले, आणि गिरणगावात ते ऐकणाऱ्यांतील कितीकांची बायको खरोखरीच सातारा-रत्नागिरीकडे होती. त्यांस संयुक्त महाराष्ट्राचा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. अत्र्यांचे भाषण शत्रूपासून सुरू होते. अण्णा भाऊंचे गाणे जवळ नसलेल्या माणसापासून सुरू होते. म्हणूनच मोरारजीभाईंचा काळ उलटल्यावर अत्र्यांचे कित्येक अग्रलेख तळटीपांवाचून कळेनासे झाले, आणि छक्कड मात्र अद्याप ऐकवते. माझ्या दृष्टीने १९५७ च्या सगळ्या वाङ्मयात हीच एक कृती अशी आहे, की जी निवडणुकीसाठी वापरली गेली आणि तरीही वापरून संपली नाही.

आता निकालाकडे पाहू. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली. पुण्यातून लोकसभेस उभे राहिलेले काकासाहेब गाडगीळ पडले आणि नानासाहेब गोरे निवडून आले. अत्रे दादरमधून व एस. एम. जोशी पुण्यातून विधानसभेत गेले; खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कराडात अगदी थोड्या मतांनी वाचले. परंतु राज्य काँग्रेसकडेच राहिले. ३९६ पैकी २३४ जागा तिला मिळाल्या, त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर. गुजरातचे सोडा, तेथे महागुजरातचे वादळ होते आणि ते वेगळे प्रकरण आहे. पण विदर्भ आणि मराठवाडा तर मराठीच बोलत होते! मग ज्या शब्दांनी पुणे-मुंबई पेटली, त्या शब्दांनी नागपूर-औरंगाबाद का पेटली नाहीत?

राजकारणाचे अभ्यासक ह्याची कारणे सांगतात आणि ती खरी आहेत. विदर्भात स्वतंत्र राज्याची भावना जुनी होती, बापूजी अण्यांसारखे वडीलधारे पुढारी तिच्या पाठीशी होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. रझाकारांच्या आठवणी ताज्या होत्या. आणि १९५६ साली तो प्रथमच इतर मराठी प्रदेशास जोडला गेला होता, मग ते राज्य द्विभाषिक का असेना. पण मला येथे वाङ्मयाच्या बाजूने एक शंका येते. समितीच्या वाणीतील सगळी द्रव्ये मुंबईची होती: फ्लोरा फाउंटन, मोरारजी, भांडवलदार, बंदर, गिरणी. परभणीच्या कुणब्याने मुंबई पाहिली नव्हती. ती आपल्यापासून हिरावली जाणार म्हणून त्याने कळवळावे तरी कसे? मुंबईस गेलेल्या माणसाची मैना साताऱ्यास होती, उमरखेडास नव्हती. वाणी थोर होती ह्यात शंका नाही, परंतु तिचा मुलूख ठरलेला होता, आणि ती स्वतःस साऱ्या मराठी भाषेचा आवाज समजत होती. हा समज पुण्या-मुंबईच्या लेखकांचा पुढेही सुटला नाही. तो काही केवळ समितीचाच दोष नव्हे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. वक्ते तेच, मैदाने तीच. पण ज्या मागणीवर ती सारी भाषा उभारली होती ती पुरी झाल्याने भाषेखालची जमीनच गेली.

येथवर जे वाङ्मय पाहिले ते सर्व समुदायाचे होय. ते हजारांसमोर म्हटले जाते, हजारांना एक करते. आणि मत? मत एकट्याने द्यावयाचे असते. कायद्याने ह्या दोहोंमध्ये स्वच्छ रेषाच ओढली आहे: मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरांच्या आत मतयाचना बंद. शाहिराचा डफ त्या रेषेबाहेर थांबतो, अग्रलेखही थांबतो. जेथे निवडणुकीसाठीचे वाङ्मय संपते तेथे निवडणुकीविषयीचे वाङ्मय सुरू व्हावयास हवे होते. कारण एकट्या माणसाच्या मनात काय चालते हे सांगणे हा तर कादंबरीचा जन्मसिद्ध व्यवसाय.

आणि ती जागा कादंबरीकाराने हेवा करावा अशीच होती. हल्लीच्या वाचकास बहुधा ठाऊक नसेल, की १९५२ आणि १९५७ साली मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची एकेक पेटी ठेवलेली असे, वर त्याचे चिन्ह डकविलेले. मतदाराने हातातला कोरा कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाचा. शिक्क्याची पद्धत १९६२ पासून सर्वत्र आली. कल्पना करा: आयुष्यात पाटलासमोर, सावकारासमोर, सासऱ्यासमोर मान वर न केलेला मनुष्य पडद्याआड गेला आहे; समोर पेट्यांची रांग आहे, एकीवर बैलजोडी आहे; हातात कागद आहे आणि त्यावर काहीही लिहिलेले नाही. सभांत ऐकलेले सारे शब्द बाहेर राहिले आहेत. तो किती वेळ उभा राहतो? त्यास कोणाचा चेहरा आठवतो? मराठीत ह्या क्षणावर एक चांगले प्रकरण असावयास नको होते काय?

ह्याला जोडून स्त्रियांची एक हकीकत आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या होत असता असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्या सांगत. सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. नावावाचून नोंद नाही असे धोरण ठरले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया याद्यांतून गळाल्या. त्या मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे तो प्रश्न तितका उग्र नव्हता. तरी पतीचे नाव न घेण्याची आणि स्वतःचे बदलून घेण्याची चाल आपल्या घरांतूनही होतीच, आणि स्त्रीच्या नावाची व नसलेल्या नावाची कथा तर हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासून आपली खास कथा आहे. रमाबाई रानडे ह्यांनी पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला; परंतु त्यांच्या ‘आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झालेल्या, तेव्हा तो भाग त्यांत येणे शक्य नव्हते. तो कोणीतरी कथेत आणावयाचा राहिला तो राहिलाच.

माझी स्वतःची एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. शिक्षकाच्या पेशात निवडणुकीचे काम चुकत नाही. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत मी एका लहान गावच्या शाळेत मतदान केंद्रावर होतो. बाक भिंतीशी रचले होते, फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच होती. दुपारी एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. नातू विशीचा, गळ्यात रुमाल, कोणत्या पक्षाचा ते दिसतच होते. तो तिच्याबरोबर पडद्याआड जाऊ पाहत होता. मी अडविणार, तोच तिने हात सोडवून घेतला. “तू हितंच थांब. ह्यात दुसऱ्याचं काम न्हाई.” मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. उमेदवारांचे प्रतिनिधी चुळबुळू लागले. “आजी, झालं का?” असे एकाने ओरडून विचारले, उत्तर नाही. अखेर ती आली, घडी केलेली पत्रिका पेटीत टाकली, बोटावरची शाई वाळली की नाही ते पाहिले. दारात नातवाने हळूच विचारले, “कुणाला दिलंस गं?” ती म्हणाली, “तुझ्या आज्ज्यालाबी कधी सांगितलं न्हाई.”

आजोबा हयात असतील की नसतील. मला ठाऊक नाही. पण पहिल्या निवडणुकीपासून म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे एक गोष्ट ह्या बाईने नवऱ्यापासून राखून ठेवली होती. दुसरी अशी कोणती गोष्ट तिच्याजवळ असेल?

आता कादंबरीकडे येतो. शंकर पाटलांची ‘टारफुला’ १९६४ ची. गावचा दरारा असलेला पाटील मरतो आणि मोकळ्या झालेल्या सत्तेभोवती गाव कसे विस्कटते, ह्याचे इतके जिवंत चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल. पण तो काळ संस्थानी. तेथे सत्ता भयाने मिळते व भयानेच टिकते, मोजणीने नव्हे. लेखकाचा तो विषयच नाही, म्हणून तक्रारीस जागा नाही. मात्र नंतरच्या कित्येक ग्रामीण कथांनी हेच भयाचे गाव मतांच्या काळात तसेच उचलून ठेवले, पाटलाच्या डोक्यावर फेट्याऐवजी टोपी घातली आणि काम झाले असे मानले. पाटलास आता लोकांच्या दारी जावे लागते. हात जोडावे लागतात. ज्यास कालपर्यंत अंगणाबाहेर उभे केले त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यावा लागतो. आणि तो चहा देणाऱ्याच्या मनात त्या वेळी जे चालते ते पाटलास कळत नाही. सत्तेच्या कथेत हा नवा, मोठा फरक होता. तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’त सहकारसम्राट हिंदुराव आणि दारूत बुडालेला जुना गांधीवादी मास्तर समोरासमोर येतात, आणि बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचा प्रश्न त्या साम्राज्यास तडा पाडतो. तेथे प्रश्न विचारणारा बाहेरून आलेला आहे. गाव गप्प आहे. गावच्या त्या गप्प बसण्यात काय काय आहे, हे आपण अजून ऐकलेले नाही.

अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्या जोडीचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात कोंडलेल्या मराठी कादंबरीस त्यांनी सचिवालयाचा जिना दाखविला, कामगार पुढारी दाखविला, तस्करही दाखविला. साधू पत्रकार होते; सरकार कसे हलते, एक निनावी दूरध्वनी मुख्यमंत्र्याची झोप कशी उडवितो, अर्थमंत्री आमदारांची बेरीज कशी मांडतो, हे त्यांस ऐकीव नव्हते. जब्बार पटेलांनी ह्या दोन्ही कादंबऱ्यांवरून १९७९ साली चित्रपट केला तेव्हा प्रेक्षकांस तो कालपरवाच्या बातम्यांसारखाच वाटला असेल. कारण आदल्याच वर्षी, १९७८ च्या निवडणुकीत कोणासही बहुमत न मिळून वसंतदादांचे सरकार आले होते आणि जुलैत ते पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. पुढे १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, २००३ साली तो अधिक कडक झाला. आणि तरीही २०२२ साली शिवसेनेत फूट पडून सरकार बदलले तेव्हा ‘सिंहासन’ जुनी झाली असे कोणास म्हणता आले नाही. साठसत्तर वर्षांत किती मराठी कादंबऱ्यांच्या वाट्यास हे भाग्य आले?

तथापि माझी तक्रार आहेच. ‘सिंहासन’मध्ये माणसे मोजली जातात, परंतु ती आमदार असतात. एकेका आमदाराच्या पाठीमागे पाऊण लाख, लाख माणसे उभी आहेत, त्यांनी ह्यासच का निवडले, काही एक समजून निवडले की न समजता, ह्याची सावलीही त्या दालनांत पडत नाही. लेखकाचे समर्थक म्हणतील, की हेच तर त्यास दाखवावयाचे आहे. दोन निवडणुकांच्या मध्ये जनता नावाची वस्तू कोणास लागत नाही. हे उत्तर चतुर आहे आणि काही अंशी खरेही आहे. पण मग जनतेच्या जागी लेखकाने कोणास उभे केले आहे? दिगू टिपणीसास. पत्रकार, म्हणजे आपल्यातलाच, वाचणारा-लिहिणारा, सर्व पाहणारा आणि काही करू न शकणारा मनुष्य. चित्रपटाच्या अखेरीस त्याचे भान सुटते आणि आपण हळहळतो. त्या हळहळीत आपली सुटका असते. दिगूच्या वेडात सुशिक्षित मध्यमवर्गाने आपली असहायता पाहिली, तीवर प्रेम केले, आणि साऱ्या महाराष्ट्राची असहायता तीच असे गृहीत धरले. माझ्या शाळेतील ती म्हातारी असहाय होती असे मला वाटले नाही. ती फसलीही असेल. तिने मत दिलेला उमेदवार पुढे दुसऱ्या गोटात गेलाही असेल. पण पडद्याआड ती जो वेळ थांबली तो वेळ दिगू टिपणीसास कधीच दिसला नसता, कारण तो त्या वेळी मुंबईत मंत्र्याच्या दारात उभा होता.

रंगनाथ पठारे ह्यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) ह्यापुढचे पाऊल टाकले, हे नमूद केले पाहिजे. बेचाळीसच्या लढ्यापासून आणीबाणीनंतरच्या काळापर्यंतचा ऐवज, सहकार, शिक्षणसंस्था, तालुक्याचे राजकारण, असा तिचा प्रचंड पसारा आहे, आणि राजकारण म्हणजे केवळ राजधानी नव्हे हे तीस पक्के ठाऊक आहे. तिच्यावर सविस्तर लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. माझ्या प्रश्नापुरते एवढेच म्हणतो, की तिचाही जीव कार्यकर्त्यांत अधिक रमतो, मतदारांत कमी.

पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांत तरी हा मनुष्य सापडावा अशी अपेक्षा करणे अगदीच व्यर्थ नाही. कारण मते मागावयास जो दारोदार हिंडला त्याने ती दारे पाहिलेली असतात. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ (१९८४) मी ह्याच हेतूने पुन्हा वाचले. गद्य संथ आहे, कोठे आवाज चढत नाही. अत्र्यांचा प्रतिपक्ष कसा लिहितो हे पाहावयाचे असेल तर ह्याहून चांगला नमुना नाही. १९३७ च्या निवडणुकीत आत्माराम पाटलांच्या उमेदवारीसाठी त्यांनी व त्यांच्या तरुण सोबत्यांनी जी खटपट केली, ती सांगणारी पाने पुस्तकातील उत्तम पानांपैकी आहेत. शेतकरी कुटुंबातला मनुष्य उमेदवार होऊ शकतो, ही गोष्ट तेव्हा किती जणांस पटवावी लागली, हे त्यांत सहज येऊन जाते. परंतु पुस्तक १९४६ पाशी येऊन थांबते. पुढील खंड लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. १९५७ साली ज्या कराडात, आपल्याच माणसांत, मुख्यमंत्री असताना ते थोडक्या मतांनी निवडून आले, तेथील घराघरांतून त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, कोणी दार लावून घेतले आणि कोणी न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला, ते प्रकरण त्यांच्या हातून लिहून झाले नाही.